दर नसलेल्या जुन्या मेनूकार्डाचा काळ कसा ठरवावा?

ग्रंथमित्र, दारव्हा तालुका
आमच्या गावच्या वाचनालयाला देणगीदाखल आलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांपैकी एकात, वाचनखूण म्हणून ठेवलेले एक मेनूकार्ड सापडले. कोपरा फाटल्यामुळे हॉटेलचे नाव गेले आहे. न्यूयॉर्क राज्यातील उन्हाळी विश्रामस्थळ एवढाच बोध होतो. ‘रविवार, १४ जुलै’ असे छापले आहे, साल मात्र नाही. ‘डिनर’ची वेळ दुपारी १ ते २.३० अशी आहे. ग्रीन टर्टल सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सुमारे ४० पदार्थ आहेत, सेलरी (लांब देठांची एक पालेभाजी) आणि ऑलिव्ह यांनाही स्वतंत्र ओळी दिल्या आहेत. परंतु एकाही पदार्थापुढे दर नाही. तळाशी ‘खोलीत जेवण मागविल्यास जादा आकार पडेल’ अशी सूचना आहे. ही लग्नाची मेजवानी असावी काय? काळ कसा ठरवावा? लॅमिनेट करून वाचनालयात लावण्याचा विचार आहे.

वऱ्हाडी खवय्या
लग्नाची मेजवानी नसावी, कारण तळाची सूचना नेहमीच्या पाहुण्यांसाठी आहे. त्या काळी तेथील विश्रामस्थळांत ‘अमेरिकन प्लॅन’ रूढ होता, म्हणजे खोलीच्या भाड्यातच सर्व जेवणे धरलेली असत. केवळ खोलीचे भाडे घेण्याच्या पद्धतीस ‘युरोपियन प्लॅन’ म्हणत. आपल्याकडील मेसमध्ये महिन्याचे पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला जसा भाजीचा दर विचारावा लागत नाही, तसेच हे. पाहुणे तेथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत, त्यामुळे रोजची यादी बदलून तारखेसह छापली जाई. सेलरीचे आश्चर्य वाटू देऊ नका. एकोणिसाव्या शतकात ती मानाची वस्तू होती आणि काचेच्या उंच पात्रात उभी करून टेबलावर ठेवीत.

जुनी पाने
वार आणि तारीख जुळविल्यास साल बरेच आवळता येते. १४ जुलैला रविवार १८८९, १८९५, १९०१, १९०७, १९१२, १९१८ आणि १९२९ या वर्षी आला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने मांस, गहू आणि साखर वाचविण्याची मोहीम चालविली होती. तिचा मागमूस मेनूवर नसेल, तर १९१८ मागे पडते. मद्याचा उल्लेख आहे काय? नसल्यास अमेरिकेतील दारूबंदीच्या काळातील १९२९ हे साल मला अधिक संभवनीय वाटते.

ग्रंथमित्र, दारव्हा तालुका
मद्याचा उल्लेख नाही. काटकसरीची सूचनाही नाही. गव्हाचे रोल आणि भाजलेले गोमांस दोन्ही आहेत.

कागदजतन
मद्य नाही म्हणून दारूबंदी, हा तर्क मला मान्य नाही. अमेरिकन प्लॅनमध्ये दारूचे पैसे वेगळे पडत, म्हणून तिची यादी बहुधा निराळीच असे. शिवाय न्यूयॉर्क राज्यातीलच मोहोंक माउंटन हाउस १८६९ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या स्मायली बंधूंनी सुरू केले आणि तेथे दारूबंदीच्या कितीतरी आधीपासून मद्य वर्ज्य होते. (तुमचे कार्ड तेथीलच आहे, असे मी म्हणत नाही.) ग्रीन टर्टल सूप हा पूर्वीच्या प्रतिष्ठित मेजवान्यांचा पदार्थ असल्याने माझा कल १९१२ किंवा त्याआधीच्या सालांकडे आहे, दुपारचे डिनर ही जुनी रीत असली तरी रविवारी ती पुढेही टिकून होती, म्हणून काळ ठरविताना त्यावर भर देऊ नये.

अक्षरांचे वळण आणि मांडणी ताडून पाहण्यासाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा संग्रह उघडा. फ्रँक बटॉल्फ या (नाव पुरुषी असले तरी) बाईंनी १९०० पासून तेथे मेनू जमविण्यास प्रारंभ केला आणि १९२४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुमारे २५,००० जमविले. त्यांपैकी पुष्कळ संगणकावर मोफत पाहता येतात.

लॅमिनेशन मात्र कृपया करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. मूळ कार्ड आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कसर आणि पावसाळी ओल यांपासून दूर ठेवा, आणि भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा. ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानांमध्ये होते, हे नोंदवहीत लिहा. पुस्तकावर पूर्वीच्या मालकाचे नाव किंवा शिक्का असल्यास तोही उतरवून घ्या. यवतमाळात अमेरिकन मिशनऱ्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, तेव्हा कार्ड इकडे कसे पोहोचले याचा धागा त्या शिक्क्यात सापडू शकेल.

ग्रंथमित्र, दारव्हा तालुका
पहिल्या पानावर अर्धवट पुसलेला गोल शिक्का आहे. त्याचे छायाचित्र उद्या येथे टाकतो.