पाणी कापसाच्या पऱ्हाटीनं पिलं म्हणणाऱ्यांनो, आधी कापडाच्या रंगाईचं बोला

कोरडवाहू, दारव्हा:
ग्रुपवर काल पोस्ट आली: एका टी-शर्टच्या कापसाला २७०० लिटर पाणी लागते, म्हणून कापूस सोडा अन् बाटल्यांपासून बनवलेलं पॉलिस्टर घाला. वाचून झोप उडाली. आमच्या यवतमाळात बहुतेक कापूस पावसावर येते. ते पाणी वावरात तूर असली तरी पडणारच आहे. आम्ही कोणती नदी आटवली? पॉलिस्टर खनिज तेलाचं, दर धुण्याला त्याचे बारीक तंतू नालीत जातात अन् कुजत नाहीत. अन् नदीचं पाणी नासते ते रंगाईत. हिशोब तिथून मांडा.

वर्धेची ताई:
पाण्याचं मान्य, भाऊ. फवारणीचं काय? २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली. सेंद्रिय कापसाशिवाय इलाज नाही.

कोरडवाहू, दारव्हा:
ताई, ते मले सांगू नका. त्या साली माझा चुलतभाऊ दवाखान्यात होता, डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याले. पऱ्हाटी डोक्याच्या वर, वारा उलटा, अन् बीजी-२, म्हणजे अळीले रोखणारं बीटी बियाणं, त्याले गुलाबी बोंडअळी दाद देत नव्हती. काय करावं माणसानं?

जिनिंगवाला, हिंगणघाट:
अळी काहून वाढली तेही बोला. फरदड! डिसेंबर संपला तरी ओलीत करून पऱ्हाटी उभी ठेवता, अळीले खायला मिळत राहते. माझ्या भावाचं वावर एका फरदडवाल्याच्या धुऱ्याले लागून आहे. दरवर्षी त्याची बोंडं आधी किडतात. वरून युरियाच्या पोत्यात कापूस भरता, प्लास्टिकचे धागे रुईत येतात.

कोरडवाहू, दारव्हा:
फरदड कोणी हौसेनं ठेवते काय? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, डिसेंबरपर्यंत माफ होतं. ऐन आमचा माल निघायच्या वक्ताले! भाव पडला, वेचाईचे पैसे निघाले नाहीत. फरदडीच्या कापसावर पोरीची फी भरली मी.

जिनिंगवाला, हिंगणघाट:
शुल्काचा राग सरकारवर काढा, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यावर नाही.

सेंद्रियवाला, अकोट:
ताई, सेंद्रिय मी करून पाहिलं. बियाणं बिनबीटी लागतं, ते आमच्याकडे दुकानात मिळत नव्हतं. प्रमाणपत्राला तीन वर्षं. तोवर उतारा घटलेला आणि भाव साध्या कापसाचाच. शेवटी एक खरेदीदार आला, नमुना घेऊन गेला, पुन्हा फोनही उचलला नाही. तुम्ही सांगा, बायकोचे दागिने कुणी सोडवायचे?

वर्धेची ताई:
मग ती तीन वर्षं कपडा विकणाऱ्यानं पोसावी. खरेदीचा करार आधी, पेरणी नंतर. लेबलवर निसर्गस्नेही छापून जास्तीचे पैसे तोच घेतो ना?

कोरडवाहू, दारव्हा:
हे पहिल्यांदाच म्हटलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं. अमरावतीले नांदगाव पेठेत वस्त्रोद्योग पार्क येऊन राह्यलं, तिथल्या रंगाईचं पाणी कुठं जाईल हेही आताच विचारा. फरदडीचं म्हणाल तर, ओलीतवाल्यानं ठेवू नये, एवढंच मानतो.

जिनिंगवाला, हिंगणघाट:
मानता तर जानेवारीत पऱ्हाट्या काढा. माझा श्रेडर घेऊन जा, डिझेल तुमचं.

कोरडवाहू, दारव्हा:
नेतो. पण कापूस भरायले कापडी झोल्या जिनिंगवाले काहून देत नाहीत, ते पहिले सांगा.