फर्मेंटरच्या तोंडावर 20.9, तळाशी काय?

चिकोडीचा सेफ्टीवाला
नमस्कार मंडळी. चिकोडी भागातल्या एका डिस्टिलरीत सेफ्टीचं काम बघतो. गाळप सुरू व्हायच्या आधी फर्मेंटर (मळी आंबवायच्या बंद टाक्या) आणि मळीच्या टाक्या धुवायच्यात. यंदा पंपवाला, ब्लूटूथचा चार गॅसचा डिटेक्टर आलाय (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड), सोबत टाकीतली हवा ओढायला 10 मीटर नळी.

मागच्या वर्षी जुना डिटेक्टर मॅनहोलच्या तोंडावर धरला, ऑक्सिजन 20.9 टक्के, म्हणजे मोकळ्या हवेइतका दिसला, पोराला आत सोडलं. खालच्या पायरीवर त्याचे पाय लटपटले. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढला, वाचला. त्याचा डबा संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर न उघडलेला होता. परत तसं होऊ द्यायचं नाही.

नळी आत सोडल्यावर खरा आकडा यायला थांबायचं किती? आणि डिटेक्टर आत गेला की मोबाइलवरचा आकडा तिथंच अडकतो, त्याचं काय करायचं?

उद्यमबाग कॅलिब्रेशन
दादा, आधी डिटेक्टर आत सोडूच नका. लोखंडी टाकीत ब्लूटूथ अडकणारच. डिटेक्टर मॅनहोलबाहेर ठेवा, आत फक्त नळीचं टोक.

किती थांबायचं हे घड्याळ लावून स्वतःच काढा. नळीच्या टोकाला टेस्ट गॅस (प्रमाण माहीत असलेला, बाटलीतला) लावायचा, आकडा स्थिर होईपर्यंत सेकंद मोजायचे. माझ्याकडच्या 10 मीटर नळीला 40 सेकंद लागले. मी प्रत्येक पातळीला त्याच्या दुप्पट थांबतो. वर, मध्ये, तळाशी, साधारण दर चार फुटांवर. मिथेन हवेपेक्षा हलका, हायड्रोजन सल्फाइड जड, त्यामुळे एका जागेच्या आकड्यावर भागत नाही.

आणि रोज सकाळी नळीचं टोक बोटानं दाबून धरा. पंप अडकल्याचा अलार्म वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर कुठंतरी सांधा सैल आहे, आणि मशीन बाहेरची चांगली हवा ओढून तुम्हाला 20.9 दाखवतंय. मला हे सगळ्यांत भयंकर वाटतं, कारण आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. टोकाला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, तळाच्या पातळ गाळात बुडलं की पंप गेला.

स्पेंटवॉश
फर्मेंटर म्हणालात म्हणून घाईनं लिहितोय. तिथं खरा वैरी आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड, आणि नेहमीच्या चार गॅसच्या डिटेक्टरात त्याचा सेन्सर नसतो! ऑक्सिजन कमी दिसेल तेव्हा कळेल, असं धरून बसू नका. हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन 19.9 च्या आसपास दिसतो, आणि अलार्म सहसा 19.5 ला लावलेला असतो. म्हणजे मशीन गप्प. पण 4 टक्केच जिवाला धोक्याचे मानतात. तुमच्या त्या पोराचं तसंच झालं असणार असं मला वाटतं. वेगळा इन्फ्रारेड सेन्सरवाला डिटेक्टर मागवा, साहेबांच्या मागे लागा.

उद्यमबाग कॅलिब्रेशन
अगदी बरोबर, हे मी आधी लिहायला हवं होतं. अजून एक: गाळ हलवला की अडकलेला गॅस सुटतो. सकाळचं रीडिंग दहा वाजता शिळं. काम चालू असेपर्यंत नळी आतच ठेवा, आणि आतल्या माणसाच्या छातीवर त्याचा वेगळा डिटेक्टर. संपर्क तुटला की अलार्म झाला असंच समजून माणूस बाहेर. स्वतःचा मोबाइल घेऊन मॅनहोलवर वाकू नका. तिथं स्फोटक वायूसाठी मान्यता असलेलंच उपकरण लागतं.

चिकोडीचा सेफ्टीवाला
अण्णा, आज बोटानं दाबून बघितलं. अलार्म वाजला नाही. नळी जिथं डिटेक्टरला बसते तिथली रबरी रिंग चिरलेली होती, नवीन माल असून. बदलली, आता वाजतो. आमच्या नळीला 46 सेकंद आले, मी दीड मिनिट ठरवलंय.

कार्बन डायऑक्साइडच्या डिटेक्टरसाठी साहेबांना धोकादायक वायूच्या टाकीत उतरण्याबद्दलचा कायद्याचा नियम दाखवून लेखी दिलं. तो येईपर्यंत फर्मेंटरवर कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मळीची टाकीही तोवर थांबवलीय.

स्पेंटवॉश
डिटेक्टर आला की तळाचा आकडा इथं कळवा. वाट बघतोय.