इंग्रजी विरामचिन्हांचा सराव वेगळा घ्यावा, की वाचनावर सोडावा?

धागाकर्ती (इंग्रजीची शिक्षिका):
मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांकडून इंग्रजी विरामचिन्हांचा सराव रोज थोडा, पण स्वतंत्रपणे करून घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आपली विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून, इंग्रजीच्या धर्तीवरच रुळली. त्यामुळे चिन्हे तीच आहेत तर नियमही तेच असतील, असे मुले धरून चालतात. ‘तो म्हणाला, की मी येईन’ असे लिहिण्याची सवय असलेले मूल इंग्रजीतही ‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम देते, आणि तिथे तो चुकतो. ‘ऊन पडले, आम्ही निघालो’ हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत मात्र अशी दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे सदोष मानतात, तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’सारखे उभयान्वयी अव्यय लागते. ‘बस कधी येते, असे तिने विचारले’ हे वाक्य इंग्रजीत लिहिताना तर ‘व्हेन’ दिसल्याबरोबर शेवटी प्रश्नचिन्ह पडते. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, म्हणून ‘नीट लक्ष दे’ असे सांगून त्या जात नाहीत.

अनुवादक:
आपले निदान पटते, उपाय पटत नाही. सुट्या वाक्यांत चिन्हे भरण्याचा प्रश्न मुले परीक्षेत बिनचूक सोडवतात आणि निबंधात पुन्हा तीच चूक करतात. शिवाय घोटून कोणते नियम घ्यायचे? अवतरणाच्या शेवटी येणारा स्वल्पविराम अमेरिकेत अवतरणचिन्हाच्या आत घालतात, ब्रिटनमध्ये तो अर्थानुसार आत किंवा बाहेर जातो. चांगले गद्य मोठ्याने वाचून घेतले, तर कुठे थांबायचे हे कानाला आपोआप कळते.

एक वकील:
हा विषय केवळ शाळेपुरता नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’ अशा अर्थाचे शब्द स्वल्पविरामाविना आले होते. वितरण हे वेगळे काम, की बांधणीचाच एक हेतू, हे त्यामुळे संदिग्ध राहिले. 2017 मध्ये अपील न्यायालयाने, जादा कामाचा मोबदला मागणाऱ्या ओकहर्स्ट डेअरीच्या वितरण करणाऱ्या वाहनचालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

अनुवादक:
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो स्वल्पविराम अज्ञानामुळे गळला नव्हता. यादीतील शेवटच्या घटकापूर्वी तो देऊ नये, असे त्या राज्याच्या विधिलेखनाच्या मार्गदर्शिकेतच सांगितले होते. नियम पाळूनही संदिग्धता राहिली, म्हणजे नियमापेक्षा अर्थाचे भान महत्त्वाचे.

धागाकर्ती:
यादीतील शेवटचा स्वल्पविराम किंवा अवतरणाची पद्धत मीही घोटून घेणार नाही, कारण तो शैलीचा प्रश्न आहे. पण मी सांगितलेले तिन्ही मुद्दे लंडनला आणि न्यूयॉर्कला सारखेच लागू आहेत. कानावर विसंबण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ‘आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी ती वयस्कर बाई’ एवढा लांब कर्ता इंग्रजीत वाचला, की क्रियापदापूर्वी श्वास घ्यावासा वाटतो आणि मूल तिथे स्वल्पविराम ठेवते. इंग्रजी व्याकरणाला तो मान्य नाही. ‘इट्स’मधल्या वरच्या स्वल्पविरामाचेही तसेच आहे: ‘इट इज’ या अर्थी तो हवा, ‘त्याचा’ या अर्थी नको, आणि उच्चार तर दोन्हीकडे एकच. जे ऐकूच येत नाही, ते कान कसे शिकवणार?

परीक्षेतल्या सुट्या वाक्यांबद्दल आपण म्हणता ते मात्र मला मान्य आहे. म्हणून सरावाची वाक्ये मुलांच्या स्वतःच्या निबंधांतूनच निवडावीत, एका आठवड्यात एकच चूक घ्यावी, आणि दुरुस्ती करताना तो नियम मुलाने मराठीत बोलून दाखवावा.

अनुवादक:
वाक्ये मुलांचीच असतील, तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. मोठ्याने वाचनाचा आग्रह मी तरीही सोडणार नाही.