श्रॉपशरमध्ये आई-बाबांना घेऊन तीन दिवस: जेवायचं कुठे?

मीनल (बर्मिंगहॅम)

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा देवगडहून येत आहेत. लंडन आणि लेक डिस्ट्रिक्ट मागच्या वेळी झालं, म्हणून यंदा जवळच श्रॉपशरला जायचं ठरवलं आहे. चर्च स्ट्रेटनजवळ एका शेतावरचं छोटं घर तीन रात्रींसाठी घेतलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा.

अडचण जेवणाची आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे आणि मटण खातात, बीफ-पोर्क नाही. दोघांना एकच्या ठोक्याला जेवायला लागतं. इंडियन रेस्टॉरंट नको, ते बर्मिंगहॅममध्ये रोजचंच आहे. हायवेवरच्या चेन हॉटेलांत बसायची तर अजिबात इच्छा नाही. तिथल्या मातीतलं, तिथल्या लोकांनी केलेलं काहीतरी त्यांना खायला घालायचंय. कुठे जावं, आणि आईला खरोखर पोटभर काय मिळेल?

रानमाळ

मीनल, मी अकरा वर्षं क्रेव्हन आर्म्सच्या आसपास गुरांचा डॉक्टर आहे. शिक्षण परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात, पण नोकरीचा सगळा काळ याच टेकड्यांत गेला. दुपारचं जेवण बहुतेक वेळा बाहेरच असतं, तेव्हा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो. इथे दुपारी जेवा. खेड्यातल्या पबांची स्वयंपाकघरं साधारण बारा ते दोन-अडीच चालू असतात, मग थेट संध्याकाळी सहाला उघडतात. रविवारी रात्री आणि सोमवार-मंगळवारी कित्येक ठिकाणी चूल पेटतच नाही. म्हणजे तुमच्या आई-बाबांची एकची वेळ अगदी योग्य आहे. आदल्या दिवशी फोन करा आणि 'शाकाहारी, अंड्याशिवाय' हे तेव्हाच सांगा. ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या पुढे येतात. आदल्या दिवशी सांगितलं तर त्याच पबात स्वयंपाकी मनापासून काहीतरी करतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरं म्हणजे लडलोचं नाव ऐकून फार उंची हॉटेलं शोधत बसू नका. २००० च्या सुमारास जेमतेम दहा हजार वस्तीच्या या गावात मिशेलिन तारा मिळालेली तीन रेस्टॉरंटं होती. शॉन हिल यांचं मर्चंट हाऊस २००५ मध्ये बंद झालं, क्लोद बोसी आपलं हिबिस्कस २००७ मध्ये लंडनला घेऊन गेले, मिस्टर अंडरहिल्सही २०१५ मध्ये संपलं. लोक अजून त्या दिवसांच्या आठवणीवर इथे येतात. पण ही रेस्टॉरंटं ज्याच्या जिवावर उभी होती ते सगळं इथेच आहे: आसपासच्या कुरणांतली मेंढरं, लोणी, चीज, सफरचंदं, डॅमसन म्हणजे छोटे आंबट जांभळे प्लम. माझ्या मते आज श्रॉपशरमध्ये चांगलं खायचं तर हा माल जिथे थेट ताटात येतो तिथे जावं.

म्हणून पहिली जागा ब्रॉमफील्डची, लडलोच्या उत्तरेला ए-४९ वर. लडलो फार्मशॉप २००७ मध्ये सुरू झालं. आत चीज, पाव, मुरंबे वगैरे तिथेच बनतं आणि काचेतून बघता येतं. मुलाला हे नक्की आवडेल. दही गाळून दाबून चीज होताना बघायला तुमच्या आईंनाही रस वाटेल, चक्का बांधण्याचीच ती थोरली बहीण. शेजारी त्यांचं कॅफे आहे. सूप, ताजा पाव, लोणी, चीज आणि सॅलड एवढ्यावर आईंचं जेवण होतं. फक्त चीज घेताना रेनेट (दूध फाडायला घालतात ते, बरेचदा वासराच्या पोटातून काढलेलं) शाकाहारी आहे का ते विचारा. काउंटरवरच्या लोकांना तो प्रश्न नवा नाही.

लडलोत लडफोर्ड पुलाला लागून चार्लटन आर्म्स आहे. गच्चीवर बसलात की खाली टीम नदी वाहते. बाबांसाठी लॅम्ब मागवा, पण त्यांना एक आधीच सांगून ठेवा. इथलं लॅम्ब कोवळं असतं. आपल्या मटणाचा वास आणि चावायला लागणारा तो कस त्यात नसतो. 'हॉगेट' लिहिलेलं दिसलं तर तेच घ्या. एक वर्ष उलटून गेलेल्या मेंढराचं ते मांस असतं आणि चव आपल्या जास्त जवळ जाते. मिंट सॉसमध्ये पुदिना, व्हिनेगर, साखर असते, आपल्या चटणीसारखं तिखट काही नाही. बाबांसाठी हिरव्या मिरच्या खिशात ठेवा, इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी जागा. स्टायपरस्टोन्स नावाची खडकाळ डोंगरकड आहे, तिच्या पायथ्याच्या खेड्यात स्टायपरस्टोन्स इन. डोंगरावर हेदरच्या झुडपांत जुलै-ऑगस्टमध्ये व्हिनबेरी पिकते. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी तिला बिलबेरी म्हणतात, इथे मात्र व्हिनबेरीच. वाटाण्याएवढं निळंकाळं फळ, आंबटगोड, खाल्लं की जीभ जांभळी. एकेक फळ वाकून तोडावं लागतं म्हणून ती महाग. पूर्वी इथल्या खाणकामगारांच्या घरच्या बायका-मुलं व्हिनबेरी तोडून विकत. त्या पबात या फळाचा 'पाय', म्हणजे आत फळ भरून भाजलेली पेस्ट्री, मिळतो. शिशाच्या खाणी बंद झाल्या, माणसं पांगली, पण हा पाय राहिला. वैशाखात आपल्याकडे करवंदांसाठी जाळीत हात घालतात, ते ज्याने केलंय त्याला ही चव परकी वाटणारच नाही.

तिथून पुढे द बॉग नावाच्या जागी जुनी शाळा आहे. आता गावातले स्वयंसेवक तिथे चहा आणि घरी केलेले केक देतात. केक आईंना चालणार नाहीत, पण गॅसच्या दिव्यांची ती खोली आणि चहा चुकवू नका.

तुमच्या यजमानांना बिअर आवडत असेल तर बिशप्स कॅसलला थ्री टन्समध्ये जाऊन या. तिथल्या ब्रुअरीचा परवाना १६४२ चा. म्हणजे शिवाजी महाराज बारा वर्षांचे असल्यापासून तो सांगता येतो.

स्वाती (टेलफर्ड)

रानमाळ यांनी छान लिहिलंय. मी स्वतः अंडं खात नाही, त्यामुळे मीनलच्या आईसाठी थोडं.

यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. नट रोस्ट बांधायला बरेचदा अंडं घालतात. पेस्ट्रीला वरून चकाकी येण्यासाठी अंड्याचा हात फिरवतात, स्कोनलाही. 'सूएट' शब्द दिसला तर जनावराची चरबी समजा. फिजेट पाय इथला खास, पण त्यात सफरचंद-कांद्याबरोबर गॅमन म्हणजे पोर्क असतं, तो तुमच्या घरात कुणालाच चालणार नाही.

चिप्सबद्दल मात्र कळकळीने सांगते. सासूबाईंना घेऊन एका गावात फिश अँड चिप्सच्या दुकानात गेले होते. बटाटाच तर आहे म्हणून त्यांना चिप्स दिले. अर्धे खाऊन झाल्यावर भिंतीवरची पाटी वाचली: बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तळलेले. मी त्यांना सांगितलं. लपवणं मला जमलंच नसतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस नीट जेवल्याही नाहीत. आजही ते आठवलं की मला रडू येतं. 'कशात तळता?' हा पहिला प्रश्न विचारायचा. ब्लिस्ट्स हिलच्या व्हिक्टोरियन गावात तर मुद्दाम जुन्या पद्धतीने ड्रिपिंगमध्येच तळतात. ते ठिकाण बघायला फार सुंदर आहे, १७७९ चा लोखंडी पूलही जवळच. फक्त आईंचा डबा बरोबर ठेवा.

आणि एक आनंदाची गोष्ट. कस्टर्ड मिळालं तर विचारा, पावडरचं आहे का? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती पावडर केली कारण त्यांच्या बायकोला अंडं सोसत नसे. त्यात कॉर्नफ्लावर असतो, अंडं नाही. मीनल, ती तुमच्याच गावची देणगी आहे.

कॅम्पातला

पुणेकर असून श्रूझबरीचं नाव आलं नाही म्हणून लिहितोय. माझं लहानपण ईस्ट स्ट्रीटवर गेलं. कयानी बेकरीच्या रांगेत बाबांचा हात धरून उभं राहायचं, श्रूसबेरी बिस्किटांचा खोका सुतळीने बांधून मिळायचा आणि घरी येईपर्यंत त्याच्या तळाशी लोण्याचा डाग उमटायचा. श्रूसबेरी हे खरं गाव आहे हे मला विशीपर्यंत माहीत नव्हतं.

गावात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे: इथे पेलिन यांनी १७६० मध्ये श्रूझबरी केक केले. मी त्या पाटीखाली बराच वेळ उभा होतो. इथलं बिस्किट मात्र वेगळं निघालं. पातळ, कडक, लिंबाच्या सालीचा वास, कधी बेदाणे. कयानीचं तोंडात विरघळतं तसं हे विरघळत नाही. मला दोन्ही आवडतात, पण माझं बिस्किट पुण्याचंच. (मीनल, इथल्या कृतीत सहसा अंडं असतं.)

बाबांना मासे हवेत ना? श्रॉपशरला समुद्र नाही, तरी श्रूझबरीच्या मार्केट हॉलमध्ये जा. बाहेरून १९६५ ची विटांची इमारत आणि उंच घड्याळाचा मनोरा, पाहून वाटणारही नाही, पण वरच्या मजल्यावर मासळी, चीज, भाजी आणि त्यांच्यामध्येच खायच्या जागा. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकांनी हा ब्रिटनचा सर्वांत आवडता बाजार म्हणून निवडला. एकाच टेबलावर आईंना भाज्यांचं काही आणि बाबांना मासे, हे इथेच जमेल. रविवारी-सोमवारी मात्र जाऊ नका.

मीनल (बर्मिंगहॅम)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! एक नाजूक प्रश्न. ब्रॉमफील्डला फार्मशॉपशेजारी 'द क्लाइव्ह आर्म्स' नावाचं हॉटेल दिसतंय, खाण्याबद्दल चांगलं लिहिलेलं आहे. हा तोच क्लाइव्ह का? बाबांचं गाव विजयदुर्गाजवळ आहे, म्हणून विचारते.

रानमाळ

तोच. रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म १७२५ चा, मार्केट ड्रेटनजवळचा. श्रूझबरीच्या चौकात त्याचा पुतळाही आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली, तेव्हा जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख क्लाइव्ह होता. आणि पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते, हेही आपण विसरू नये.

मी तिथे जेवलोय. पण माझं गाव विजयदुर्ग नाही. निर्णय बाबांवर सोडा, मात्र आधी सांगा. पाटी बघून त्यांना अचानक कळायला नको.

मीनल (बर्मिंगहॅम)

आम्ही परत आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "जेवण चांगलंच असेल, पण माझा घास उतरायचा नाही." मग फार्मशॉपमधून पाव, लोणी, चीज, टोमॅटो आणि डॅमसनची चटणी घेतली आणि बाहेर बसून खाल्लं. बाबांनी नातवाला तुळाजींची सगळी गोष्ट तिथेच सांगितली, पाण्यातून किल्ल्याकडे येणाऱ्या वाटेसकट. तो चीज चावायचं विसरून ऐकत होता.

श्रूझबरीच्या बाजारात बाबांनी मासळीवाल्याशी वीस मिनिटं गप्पा मारल्या. इंग्रजी तुटकं, पण कल्ले उघडून ताजेपणा बघायला भाषा लागत नाही. मॅकरेल खाल्ला, आपल्या बांगड्याचा भाऊ. म्हणाले, ताजा आहे, फक्त मीठ-मसाला कमी.

चार्लटन आर्म्सला आदल्या दिवशी फोन केला होता. आईसाठी भाजलेला बीट, मसूर आणि मशरूम केलं. तिने ताट पुसून खाल्लं.

पण सगळ्यात जास्त रमली ती स्टायपरस्टोन्सला. हेदर जांभळी फुललेली, व्हिनबेरी संपत आलेली. पाय आम्ही चौघांनी खाल्ला, पेस्ट्रीमुळे आईने टाळला. म्हणून वर जाऊन घरापुरती वाडगाभर फळं वेचली. पासष्टीची माझी आई गुडघ्यांवर बसून वेचत होती आणि मध्येच म्हणाली, "कातळावर करवंदं काढताना अशीच कंबर भरून यायची." संध्याकाळी शेतावरच्या घरात तिने साखर घालून त्याचा मुरंबा केला, पोळ्या लाटल्या. त्या तीन दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. उरलेली छोटी बरणी देवगडला जाणार आहे.

आता एकच. तिच्या पांढऱ्या सुती साडीच्या काठाला व्हिनबेरीचा डाग पडलाय. कशाने जाईल?

रानमाळ

साबण लावू नका. साडीचा तो भाग एका पातेल्यावर ताणून धरा आणि वरून, हातभर उंचीवरून, उकळतं पाणी डागावर ओता. इथल्या एका मेंढपाळाच्या आईने मला सांगितलेला उपाय आहे. पक्क्या पांढऱ्या सुतीवरच करा, काठ रंगीत असेल तर आधी कोपऱ्यावर करून बघा.