सवयी बदला म्हणणं सोपं आहे

'गरिबांनी व्यसनं सोडली, नीट खाल्लं तर आरोग्यातली दरी आपोआप मिटेल' असं मत बरेचदा ऐकू येतं, ते मला अजिबात पटलेलं नाही. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला. सगळे पुरुष, सगळ्यांना नोकरी, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना सारखीच. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट निघाले! धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशोबात धरूनही बराच फरक उरला. आणि तो फक्त तळाशी नव्हता, पायरीपायरीने वाढत गेलेला होता.

मोफत दवाखाना हवाच. पण तो सकाळी १० ते १ एवढाच उघडा असेल तर रोजंदारीवरच्या बाईने काय करायचं? एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मग रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी ती आज-उद्या करत आठवडा ढकलते आणि आपण तिलाच निष्काळजी ठरवतो. फार वाईट वाटतं हे. आजारपणाची पगारी रजा, संध्याकाळी उघडा दवाखाना, गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या हातात देणं, निदान इथून तरी सुरुवात व्हावी.