साताऱ्याची दोन मशीनवाली पोटनिवडणूक: कुणाकुणाला आठवते?

काल पोवई नाक्यावर छत्री उलटी झाली आणि थेट १८ ऑक्टोबर २०१९ आठवला. झेडपीचं मैदान, पवारसाहेब भिजत बोलतायत, आम्ही खुर्च्या डोक्यावर धरून. आमचे अण्णा पक्के उदयनराजे महाराजांचे, महाराज तेव्हा राष्ट्रवादी सोडून भाजपात गेलेले, म्हणून तर लोकसभेची पोटनिवडणूक लागलेली; मी "नुसतं बघायला चला" म्हणून नेलेलं. साहेब म्हणाले, लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली. अण्णा गप्प. घरी येईस्तोवर गप्प. २१ला मत कुणाला दिलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमचं सांगा, सभा, ड्युटी, काहीही. भांडणं नकोत.

*पाटणची_बाई*
ड्युटी!! एका खोलीत लोकसभेचं मशीन न् विधानसभेचं पण. मॉक पोल (मतदानाआधीची मशीनची चाचणी) दोन्हींचा, त्यामुळं पहाटेच उठलो, आदल्या रात्री डासांनी झोपू दिलं नव्हतंच. एक आजी पहिलं बटण दाबून निघाल्या. म्हटलं आजी, अजून एक राहिलंय. तर म्हणे, "दिलं की एकदा. दोनदा दिल्यावर धरून न्याल." शाई एकदाच ना लावलेली, त्यांचं गणित बरोबर होतं.

*नीरा_काठ*
आम्ही फलटणचे. जिल्हा सातारा, लोकसभेला माढा. एकच मशीन 😐 कोरेगावच्या मेव्हण्यानं दोन मतांचा तोरा दिवाळीपर्यंत मिरवला.

*गुलाल२४*
कराडात निकालादिवशी शर्ट गेला तो गेलाच. ८७ हजारांवर लीड! आमचे राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील म्हणजे आधी कलेक्टर, मग खासदार, मग सिक्कीमचे राज्यपाल, आणि त्या मिशा. आमच्या आबांनी तशाच ठेवायला घेतल्या. आजीनं चार दिवसांत उतरवायला लावल्या.

*मंडपवाला_भाचा*
खुर्च्या डोक्यावर घेतल्या म्हणे. वाळवल्या कुणी? 😂

*पाटणची_बाई*
@भाचा बिल निघालं का?

*मंडपवाला_भाचा*
मामाला विचारू नका, जेवताना विषय नको.

*कास_रोड*
२०२४ला महाराज परत निवडून आलेच की. असो, भांडण नको म्हणालाय. अण्णा गप्प बसले म्हणजे फिरले होते, लिहून घ्या.

*धागाकर्ता*
@कास_रोड आईपण हेच म्हणते. एकदा लई खोदून विचारलं तर म्हणाले, "दोन मशीन होती ना, दोघांचं भागलं." गालात हसत. मार्चमध्ये गेले.

*नीरा_काठ*
अरे 🙏 माहीत नव्हतं.

*गुलाल२४*
भावा 🙏 काळजी घे. आईला विचारलंय सांग.

*मंडपवाला_भाचा*
छत्री दुरुस्त झाली का? राजवाड्यापाशी एक जण बसतो, तारा बदलून देतो.