मामा मंडळाविरुद्ध बोलले, आता सुवर्णमहोत्सवाला बोलावणं नाही. रिटायर प्लेअरने गप्पच बसायचं का?

भवानी_पेठ

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे पण इथं जुने खेळाडू बरेच आहेत म्हणून विचारतोय, जरा लांबलंय, वाचून घ्या.

माझे मामा कबड्डी खेळायचे, डावा कोपरा, एकाच मंडळाकडून तेरा वर्षं. मंडळाचं नाव लिहीत नाही, कळलं तरी कोणी लिहू नका. चढाईवाल्याचा घोटा मामांच्या हातात एकदा गावला की सुटायचा नाही असं अजून लोक सांगतात. २००७ ला एका स्पर्धेत पकड करताना दोघं अंगावर पडले आणि गुडघा गेला, लिगामेंट. ऑपरेशनला मामीचे पाटल्या-बिलवर मोडले. मंडळाची माणसं हॉस्पिटलला आली, शाल-नारळ दिला, म्हणले खर्चाचं आम्ही बघतो, आणि त्यानंतर कोणी आलंच नाही. मामा आता एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहेत, दिवसभर उभ्याचं काम, जिना उतरताना अजून कठड्याला धरून एक एक पायरी आडवं उतरतात.

गेल्या महिन्यात एका पोराने त्याच्या यूट्यूब चॅनलसाठी मामांची मुलाखत घेतली. सोळा-सतरा वर्षं जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. गुडघ्याचं बोलले, मग म्हणले आत्ताची पोरं मॅटवर घसरायला शिकली, दम धरायला शिकली नाहीत, आणि शेवटी म्हणले की २००३ ची फायनल आम्ही हरलो नाही, घालवली गेली. नाव घेतलं नाही पण त्यावेळचा कॅप्टन आज मंडळात पदाधिकारी आहे, कळायचं त्याला कळलं. चाळीस मिनिटाच्या मुलाखतीतला तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर फिरला.

आता मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे, जुन्या सगळ्या खेळाडूंचा सत्कार आहे, मामांना पत्रिका नाही. मंडळाच्या खोलीत १९९९ च्या टीमचा फोटो होता तिथं आता स्पॉन्सरचा बॅनर लावलाय. मामांचा पुतण्या तिथंच कुमार गटात खेळतो, त्याला तीन मॅच बाहेर बसवलं. मामी म्हणतात जाऊन माफी मागा आणि मिटवा. मामा म्हणतात काय खोटं बोललो ते सांगा आधी.

तुम्ही सांगा, मामांचं चुकलं का? खेळलेल्या माणसाने नंतर टीमबद्दल बोलूच नये का?

सातरस्ता_९४

अजिबात चुकलं नाही. माफी कशाची मागायची बे? गुडघा मंडळाच्या पट्ट्यावर गेला ना, मंडळाच्या बनियनमध्ये गेला ना, मग ज्याचं गेलं त्याने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं.

भारताचे आणि दिल्लीचे जुने कॅप्टन बिशनसिंग बेदी आठवा. २०१७ ला दिल्लीच्या कोटला स्टेडियमवर त्यांच्या नावाचा स्टँड झाला. २०२० ला तिथं दिल्ली क्रिकेट असोसिएशनचे जुने अध्यक्ष अरुण जेटलींचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा बेदींनी असोसिएशनला पत्र लिहिलं की क्रिकेटच्या मैदानावर खेळाडूंचा मान पाहिजे, कारभाऱ्यांचा नाही, माझं नाव स्टँडवरून काढा, आणि मेंबरशिपही सोडली. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते तेव्हा. ज्या दिल्लीला त्यांनी रणजी जिंकून दिली त्याच दिल्लीला सुनावलं. लोक तेव्हाही म्हणले म्हातारा कडू झालाय. पण स्वतःच्या नावाची पाटी काढा म्हणणारा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी बोलत नसतो एवढं तरी कळायला पाहिजे.

मामांना सांगा खंबीर राहा. आणि त्या पोराला बाहेर बसवलं हे तर लईच वाईट, भांडण थोरांचं आणि शिक्षा लेकराला.

पार्क_मैदान

मी पासष्ट पूर्ण केली, कबड्डी नाही पण क्रिकेट क्लबला बरीच वर्षं काढली, म्हणून दोन शब्द लिहितो. थोडं जुनं सांगतो, पण आपल्या गावचं आहे.

पॉली उम्रीगर यांचं बालपण आपल्या सोलापुरात गेलं, मग घरचे मुंबईला गेले. ५९ टेस्ट, १२ सेंच्युरी, भारताकडून टेस्टमधली पहिली डबल सेंच्युरी त्यांची, १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. पुढं १९५८-५९ ला वेस्ट इंडिजची टीम आली, त्यांचे फास्ट बॉलर हॉल आणि गिलख्रिस्ट आपल्या बॅट्समनना फोडून काढत होते आणि आपल्याकडे पाच टेस्टला चार कॅप्टन झाले, पहिल्याला उम्रीगर, मग दोन टेस्ट गुलाम अहमद, मग विनू मंकड, शेवटी हेमू अधिकारी. यात मद्रासच्या चौथ्या टेस्टला खरं तर पुन्हा उम्रीगरच कॅप्टन होते. आदल्या दिवशी टीममध्ये कोणाला घ्यायचं यावरून क्रिकेट बोर्डाच्या अध्यक्षांशी वाद झाला, अध्यक्ष ऐकेनात, आणि उम्रीगर यांनी कॅप्टन्सी सोडली. मॅचच्या आदल्या संध्याकाळी! आणि दुसऱ्या दिवशी मंकडच्या हाताखाली साधा खेळाडू म्हणून मैदानात उतरले.

मला यातलं काय आवडतं सांगतो. ज्याच्याशी वाद होता त्याच्या तोंडावर बोलले, गमवायला हातात काहीतरी होतं तेव्हा बोलले, आणि ते गमावलंही. पण खेळ सोडला नाही. १९६२ ला पोर्ट ऑफ स्पेनला एकाच टेस्टमध्ये ५६, नाबाद १७२ आणि पाच विकेट काढल्या. रिटायर झाल्यावर निवड समितीचे अध्यक्ष झाले, बोर्डाचे कार्यकारी सचिव झाले, वानखेडेची खेळपट्टीसुद्धा सांभाळली. आज बोर्ड वर्षाच्या सर्वोत्तम क्रिकेटपटूला जो पुरस्कार देतं तो त्यांच्या नावाचा आहे. म्हणजे भांडण झालं म्हणून नातं तुटलंच पाहिजे असं नसतं.

आता तुमच्या मामांना एकच विचारा बाळा. २००३ ला फायनल हरल्यावर त्या रात्री, टीम एकत्र असताना, ते हे बोलले होते का? बोलले असतील तर आज पुन्हा बोलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्या रात्री बोलले नसतील तर वीस वर्षांनी कॅमेऱ्यासमोर का, याचं उत्तर त्यांच्याकडे पाहिजे.

वर्गणीवाला

मी एका दुसऱ्या मंडळाचा खजिनदार होतो नऊ वर्षं. माझं म्हणणं लोकांना पटणार नाही पण लिहितो.

मंडळ म्हणजे कंपनी नाही. दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरायचं, नवी पेठेतल्या दुकानदारांकडून शंभर-दोनशे जमवायचे, स्पर्धेला न्यायचं तर टेम्पोचं भाडं, पोरांचं जेवण, कपडे, आणि वर्षअखेरीला खिशातलेच घालायचे. आमच्याकडे एका पोराचा खांदा निखळला तेव्हा आम्ही पैसे देऊ शकलो नाही, नव्हतेच. ते मला अजून लागतं. पण त्या मंडळींनी "आम्ही बघतो" म्हणून शब्द दिला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, हे पैसे नसण्यापेक्षा वेगळं आहे, ह्याला माफी नाही. यात मी मामांच्या बाजूने.

फायनलच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. १९९६ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल आठवा, ईडन गार्डन, १३ मार्च. अझरुद्दीनने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली, २५२ करायचे होते, एक बाद ९८ वरून आठ बाद १२० झाले, लोकांनी बाटल्या फेकल्या आणि मॅच श्रीलंकेला दिली. विनोद कांबळी रडत बाहेर आला तो फोटो सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. २०११ ला, म्हणजे पंधरा वर्षांनी, कांबळी टीव्हीवर बोलला की आधी बॅटिंग घ्यायचं ठरलं होतं, काहीतरी गडबड होती. अझरुद्दीनने साफ नाकारलं. त्यातून काय निष्पन्न झालं? काहीच नाही. ना कोणाची चौकशी झाली ना कांबळीच्या मनाचं समाधान झालं, वर त्या टीममधल्या प्रत्येक माणसाला उत्तरं द्यावी लागली. त्याच्या दोन वर्षं आधी तो एका टीव्ही शोमध्ये सचिनबद्दलही बोलला होता, की वाईट काळात अजून मदत करू शकला असता. १९८८ ला शाळेच्या मॅचमध्ये ६६४ ची भागीदारी केलेली पोरं ती! मग २०१३ ला सचिनने वानखेडेवर निरोपाचं भाषण केलं त्यात कांबळीचं नाव आलं नाही आणि हा परत दुखावला.

कांबळी खोटा होता असं मी म्हणत नाही. त्याचं दुःख शंभर टक्के खरं होतं, १७ टेस्टला ५४ ची सरासरी असलेला माणूस तेवीस-चोवीस वर्षांचा असताना टेस्टमधून कायमचा बाहेर गेला, दुःख नाही होणार तर काय. पण दुःख खरं आहे म्हणून संशय पण खरा ठरतो असं नाही ना. मामांचा गुडघा हा अनुभव आहे. २००३ हा अंदाज आहे. एका मुलाखतीत दोन्ही एकत्र सांगितलं की लोक अंदाजावर भांडतात आणि गुडघ्याचं विसरून जातात. तुमच्या मंडळाने नेमकं तेच केलंय बघा, फायनलचा तुकडा फिरवला, गुडघ्याचा फिरवला का?

होटगी_रोड_एक्सप्रेस

वर्गणीवाले काका बरोबर. फक्त एक सांगतो, बोर्डपण कायम रागावून बसत नाही. कपिल देव २००७ ला आयसीएलमध्ये, म्हणजे बोर्डाची मान्यता नसलेल्या खासगी लीगमध्ये गेले तर बोर्डाने त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकॅडमीच्या अध्यक्षपदावरून काढलं, १९८३ चा वर्ल्डकप आणणाऱ्या माणसाला. पाच वर्षं गेली, २०१२ ला ते आयसीएलमधून बाहेर पडले आणि बोर्डाने त्यांना इतर जुन्या खेळाडूंसारखे दीड कोटी दिले. म्हणजे अबोला सुटतो. पन्नासावा कार्यक्रम गेला तर जाऊ दे, आयुष्य पडलंय.

मॅटवाली_मध्यरक्षक

मी सोलापुरातच खेळते, मुलींच्या संघात, संघाचं नाव सांगत नाही. मामांची मुलाखत मी पूर्ण बघितली, तुकडा नाही पूर्ण. गुडघ्याचं ऐकून रडू आलं कारण माझंही मागच्या वर्षी तसंच होता होता राहिलं.

पण "दम धरायला शिकली नाहीत" हे लागलं मामा. आम्ही सकाळी साडेपाचला मातीत असतो. मॅट आमच्याकडे नाही, स्पर्धेच्या आधी आठ दिवस दुसऱ्यांची मिळते. मॅटवर पायात शूज असतात, घोटा धरला की हात शूजवरून सरकतो म्हणून आम्ही मांडीला जातो, ते तुम्हाला घसरल्यासारखं दिसत असेल. माझी घोट्याची पकड कच्ची आहे हे मात्र खरं आहे, आणि ती शिकवणारं आमच्याकडे कोणी नाही.

जुने खेळाडू आणि आता कॉमेंटेटर असलेले संजय मांजरेकर २०१९ च्या वर्ल्डकपला जडेजाला तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू म्हणले होते, मग सेमीफायनलला जडेजाने ५९ बॉलमध्ये ७७ मारले आणि मांजरेकरांनी माझं चुकलं हे मान्य केलं. मोठी माणसं असं मान्य करतात तेव्हा आम्हाला लई बरं वाटतं.

सातरस्ता_९४

ताई एक नंबर लिहिलंय. माझं पहिलं मत थोडं बदलतो. गुडघ्यासाठी माफी नाहीच, फायनलचं मात्र काका म्हणतात तसं विचारून घ्या.

भवानी_पेठ

सगळ्यांचे आभार. रविवारी मामांकडे गेलो होतो, एक एक रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवला. मामी पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या.

उम्रीगर सोलापूरचे हे मामांना माहीत होतं, मद्रासचं माहीत नव्हतं. पार्क मैदान काकांचा प्रश्न वाचला तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगितलं ते असं. फायनलला एक गुणाने पुढं होते, शेवटची चढाई आपली होती. निदान रेषा ओलांडून परत यायचं एवढंच काम होतं. कॅप्टन आत घुसला आणि पकडला गेला, बरोबरी झाली, मग पाच-पाच चढायांत मॅच गेली. मामा म्हणले त्या रात्री टेम्पोत कोणीच बोललं नाही, मी पण नाही. मला वाटलं मुद्दाम गेला. बघितलं काही नाही मी, पैसे घेताना वगैरे काही नाही. कदाचित जिंकायच्या हव्यासाने गेला असेल, तो तसाच होता, जिथं जायचं नाही तिथं घुसायचा, त्यानेच आम्ही शंभर मॅच जिंकल्या असतील.

हे बोलून झाल्यावर मामी म्हणाल्या, मग हे सांगा की जाऊन. मामा म्हणले सांगतो, पण त्याला घरी जाऊन सांगणार, मंडळाच्या खोलीत नाही. आणि त्या यूट्यूबच्या पोराला बोलावून फायनलचं परत घेतलं म्हणून सांगणार. गुडघ्याचं एक अक्षर मागं घेणार नाही, उलट ऑपरेशनच्या पावत्या आहेत त्या दाखवणार म्हणतात. मला दोन्ही पटलं.

पुतण्याचं अजून तसंच आहे, काल पण बाहेर बसला. त्यावर मामा त्याच्यासमोर काही बोलत नाहीत, तो झोपला की बोलतात.

मॅटवाली ताई, तुम्हाला निरोप आहे. मामा म्हणले शूजवर हात सरकतो तर टाचेच्या वरून धरायचं, अंगठा आतल्या बाजूला, आणि धरल्यावर उठायचं नाही, खांदा त्याच्या पोटरीला लावून तसंच पडून राहायचं. ते मला जमिनीवर बसून माझ्याच पायावर करून दाखवत होते, गुडघा दुमडत नाही म्हणून एक पाय लांब करून. म्हणले लिहून कळणार नाही, कुठलं मैदान ते सांग, साडेपाचला येतो. मैदान इथं लिहू नका, मेसेज करा.

आणि १९९९ च्या टीमचा तो फोटो कोणाकडे असेल तर प्लीज पाठवा. आमच्याकडची कॉपी पावसात भिजून चिकटलीय, मामांचा चेहरा तेवढा दिसत नाही.